मुलुंडच्या दवाखान्यातील बारा दिवस

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



दरसाल गळीत हंगामाच्या तोंडावर आपण या पानावर बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांविषयी बोलतो. को ८६०३२ ची लागण केव्हा करावी, खोडव्याचे बुडखे कसे छाटावेत, पाचट का जाळू नये, हे मी अनेकदा लिहिले आहे आणि पुढेही लिहीन. यंदा मात्र उसाऐवजी पायाविषयी लिहिणार आहे. ऊस पिकवणाऱ्याचा सगळा संसार पायावर चालतो. रात्रीची पाण्याची पाळी असो, नाहीतर बांधावरून बैल हाकणे असो, पाय धड नसेल तर शेतकरी अडतो. आणि आपल्याकडे सर्वात कमी काळजी घेतली जाते ती याच अवयवाची.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच एका जुन्या सभासदांबरोबर मुंबईला मुलुंड येथील एका दवाखान्यात बारा दिवस राहण्याचा योग आला. सारा गाव त्यांना तात्या म्हणतो, म्हणून मीही तसेच म्हणतो. त्यांच्या परवानगीनेच ही हकीकत लिहीत आहे. "माझं नाव घालू नका, पण बाकी समदं लिवा. दुसऱ्याचा पाय वाचंल," असे ते म्हणाले.

काटा लहान, जखम मोठी

तात्यांचे वय साठीच्या आसपास, ऊस तीन एकर. मधुमेह दहा वर्षांचा. गोळ्या कधी घ्यायच्या, कधी विसरायच्या. आषाढात जनावरांसाठी उसाचा पाला काढताना जुन्या बुडख्याचा टोकदार तुकडा उजव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला. तात्या अनवाणीच होते. रक्त फार आले नाही आणि दुखलेही नाही. खरा धोका इथेच होता. तात्या मला म्हणाले, "साहेब, दुखलं असतं तर बसलो असतो की घरी. दुखलंच न्हाई."

मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात. खडा रुततो, चपलेचा खिळा लागतो, गरम पाण्याने कातडी भाजते, झोपेत उंदीर कुरतडतो, तरी माणसाला पत्ता लागत नाही. शिवाय पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होतात. जखम भरून यायला रक्त लागते आणि तेच कमी पोचते. पिकाचा शेंडा वाळायला लागला की आपण आधी पाट कुठे तुंबला ते बघतो. पायाचेही तसेच आहे.

तात्यांनी हळद दाबली, कुणीतरी सांगितलेला पाला बांधला आणि वरून फडके गुंडाळून चिखलात काम चालू ठेवले. पंधरवड्यात अंगठा काळा पडला, वास येऊ लागला, अंगात ताप भरला. तालुक्याच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले, "आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या." थोरला मुलगा मुलुंडला कंपनीत नोकरीला, म्हणून गाडी करून रातोरात तिकडे नेले. मुलाला रजा चारच दिवस मिळाली. कारखाना बंद होता, ऊस नोंदीचे काम सहकाऱ्यांनी पत्करले, म्हणून मी रजा टाकून गेलो.

पाय की जीव

दवाखान्यात साखर चारशेच्या वर निघाली. पायातील रक्ताचा प्रवाह यंत्राने तपासला. अंगठा आणि दोन बोटे तर गेलीच होती, पण विष घोट्याच्या वर चढू लागले होते. शल्यविशारदांनी तात्यांच्या कॉटवर वाकून शांतपणे सांगितले की पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. तात्या म्हणाले, "न्हाई. मरतो मी, पण पाय न्हाई देत."

त्यांना विचारले, भीती कशाची वाटते? वेदनेची त्यांना नव्हती. "पान्याची पाळी कोन धरंल? पंगतीला मांडी घालून बसता यील का? का खुर्चीवर बसून पावन्यासारखं जेवायचं?" असे त्यांचे प्रश्न होते. हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. शेतकऱ्याला पाय हवा असतो तो चिखलात जायला, उकिडवे बसायला, बांध ओलांडायला.

डॉक्टरांनी गुडघ्याचे महत्त्व समजावून सांगितले. स्वतःचा गुडघा शिल्लक राहिला तर कृत्रिम पायाने चालणे पुष्कळ सोपे जाते, दमछाक कमी होते. गुडघ्याच्या वर कापावे लागले तर कृत्रिम गुडघा शिकावा लागतो, आणि साठीच्या माणसाला ते जड जाते. "आज गुडघा वाचतो. चार दिवसांनी वाचेल असे मी सांगू शकत नाही," असे ते म्हणाले. तरी तात्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेवटी काकू पुढे झाल्या. "अवो, पाय गेला तर जाऊ द्या. म्या हाय, पोरं हायती. तुमी ऱ्हावा म्हंजे झालं." संध्याकाळी तात्यांनी संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

शस्त्रक्रियेचा दिवस

आदल्या दिवशी रक्त, लघवी, हृदयाचा आलेख, छातीचा फोटो हे सर्व झाले. रक्तगट जुळवून बाटली राखून ठेवली. साखर इन्शुलिनने आटोक्यात आणली. रात्रीपासून अन्न बंद. एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी: रोगी कोणती औषधे घेतो, तंबाखू खातो का, दारू पितो का, हे भूलतज्ज्ञ विचारतात तेव्हा लाजू नये. भूल देणाऱ्याला खरे सांगितले नाही तर धोका रोग्यालाच असतो. तात्यांनी तंबाखूचे आधी लपवले. काकूंनी डबी काढून टेबलावर ठेवली!

भूल म्हणजे माणूस पूर्ण झोपतो असा आपला समज. पायाच्या शस्त्रक्रियेत पुष्कळदा कण्यात सुई देतात. रोग्याला पाठ वाकवून बसवतात, कमरेत सुई टोचतात, थोड्या वेळात दोन्ही पाय जड होतात आणि कमरेखाली काही कळेनासे होते. रोगी जागा असतो, पण दुखत नाही. ही पद्धत जर्मनीतील डॉ. ऑगस्ट बियर यांनी १८९८ साली प्रथम वापरली. त्याआधी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे ईथरची भूल जाहीररीत्या दाखवण्यात आली होती. तोवर पाय कापायचा म्हणजे चार गड्यांनी रोग्याला धरायचे आणि शल्यविशारदाने होईल तितक्या लवकर करवत चालवायची, असा प्रकार होता. आपल्या मनातली भीती ही त्या जुन्या काळातली आहे. आजची शस्त्रक्रिया तशी नाही.

तात्यांना सकाळी नऊला आत नेले, साडेअकराला बाहेर आणले. हाड कापून त्याच्या कडा घासून गुळगुळीत करतात, आणि पोटरीचा मांसल भाग पुढे वळवून हाडाच्या टोकाखाली गादीसारखा शिवतात. पुढे कृत्रिम पायाचा भार सोसायला ही गादी उपयोगी पडते. जिथपर्यंत रक्त चांगले वाहते तिथेच छेद घेतात, म्हणजे जखम भरून येते.

पहिली रात्र

संध्याकाळपर्यंत तात्या गप्पा मारत होते. कण्यातील भूल उतरली तशी कळ सुरू झाली. अशा वेळी "सोसा जरा" म्हणून रोग्याला गप्प बसवू नये. कळ वाढायच्या आत परिचारिकेला सांगावे. दुखणे आटोक्यात असले तर माणूस श्वास नीट घेतो, खोकतो, हालचाल करतो, आणि त्यामुळेच लवकर उठतो. तात्यांना औषध मिळाले, तरी झोप नव्हतीच. खिडकीतून लोकलचा आवाज येत होता. शेवटची गाडी गेल्यावर तात्यांनी हळूच विचारले, "साहेब, खरंच काढलाय का? मला तर अंगठा हाय असंच वाटतंय. खाजतोय तो."

मला वाटले, भुलीमुळे भ्रम झाला. सकाळी डॉक्टरांनी सांगितले, हा भ्रम नव्हे. पाय गेलेल्या बहुतेकांना असे होते. अमेरिकन यादवी युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. मिचेल यांनी १८७१ साली याविषयी लिहिले होते. पाय जातो, पण मेंदूत पायाची जागा शाबूत असते. ती काही काळ निरोप पाठवतच राहते. मद्रासमध्ये शिकून अमेरिकेत गेलेले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० नंतरच्या दशकात यावर आरशाचा साधा उपाय काढला. चांगल्या अवयवाचे प्रतिबिंब दिसेल असा आरसा ठेवायचा आणि तो अवयव हलवायचा; मेंदूला वाटते गेलेलाच अवयव हलला, आणि पुष्कळांची कळ कमी होते. तेव्हा रोगी असे काही बोलला तर देवऋषी शोधू नये, डॉक्टरांना सांगावे.

उशी काढा, पालथे झोपा

दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. आल्या आल्या त्यांनी तात्यांच्या गुडघ्याखालची उशी काढून टाकली. मुलाने प्रेमाने ठेवली होती. बाई म्हणाल्या, "ही उशी तुमच्या वडिलांची शत्रू आहे." गुडघा वाकवून ठेवला की बरे वाटते, पण आठ-पंधरा दिवसांत तो तसाच आखडतो. मग कृत्रिम पाय बसतच नाही. गुडघा सरळ ठेवणे, कॉटवरून पाय लोंबकळत न सोडणे, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा दिवसातून काही वेळ पालथे झोपणे, ही या दिवसांतली खरी मेहनत.

शाबूत पायाचा घोटा दर तासाला वर-खाली हलवायचा, म्हणजे पोटरीत रक्ताची गुठळी होत नाही. छाती भरून श्वास घ्यायचा. टोकाला सूज येऊ नये म्हणून इंग्रजी आठच्या आकाराने पट्टी बांधतात. ती बांधायला मुलगा आणि काकू दोघेही शिकले. पट्टी खाली घट्ट आणि वर सैल असावी. उलट झाली तर टोक फुगते.

तिसऱ्या दिवशी वॉकर आला. दोन माणसांच्या आधाराने तात्या उभे राहिले आणि घामाने भिजले. चार पावले झाली. चौथ्या दिवशी ड्रेसिंग उघडले तेव्हा तात्यांनी प्रथमच आपला पाय पाहिला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, बुडखा बरा छाटलाय. आता खोडवा राखायचा आपला." सारा वॉर्ड हसला, तात्याही हसले. नंतर मात्र त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली ती दुपारपर्यंत काढली नाही. काकूंनी त्यांना उठवले नाही. मला ते योग्य वाटले. गेलेल्या अवयवाचे दुःख असतेच. रोग्याला ते करू द्यावे.

पाचव्या रात्री एक प्रसंग होता होता टळला. लघवीला जायचे म्हणून तात्या झोपेत उठले आणि नेहमीप्रमाणे उजवा पाय खाली टाकला. पायच नाही! शेजारच्या रोग्याच्या भावाने झेप घालून धरले म्हणून निभावले, नाहीतर टाके उसवले असते. पाय गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत असे पडणे ठरलेलेच, असे परिचारिका म्हणाली. रात्री उशाशी माणूस हवे, लघवीचे भांडे हाताशी हवे आणि दिवा बारीक जळता हवा.

भेटायला येणाऱ्यांसाठी दोन शब्द

मुलुंड, घाटकोपर भागात आपल्याकडील माणसे पुष्कळ. बातमी कळताच माणसांची रीघ लागली. पिठले-भाकरीचे डबे आले, त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. पण कुणी पेढे आणले, कुणी कॉटवर बसले, कुणी "आता कसं व्हायचं तुमचं" म्हणून गळा काढला. मधुमेहाच्या रोग्याला पेढा म्हणजे जखमेवर मीठ! जखम भरायला प्रथिने लागतात. अंडी, डाळ, उसळ, दूध हे डॉक्टरांना विचारून आणावे. तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून चोरून पुडी देणारा तो मित्र नव्हे.

बाराव्या दिवशी तात्यांना घरी सोडले. मुलाची खोली तळमजल्याला होती हे नशीब. खाली बसायचा संडास अवघड, म्हणून भोक पाडलेली खुर्ची करून घेतली. तिसऱ्या आठवड्यानंतर टाके काढले.

जोगेश्वरी आणि जयपूर

वॉर्डात तात्यांना मी दोन मुलींची हकीकत सांगितली. ती इथेही सांगतो.

मुंबईच्या उपनगरात जोगेश्वरीला राहणारी रोशन शेख. वडील भाजीविक्रेते. ऑक्टोबर २००८ मध्ये वांद्र्याहून लोकलने घरी येताना गर्दीत ती गाडीतून पडली आणि तिचे दोन्ही पाय गेले. वय अवघे सोळा. तिला डॉक्टर व्हायचे होते. अपंगत्व सत्तर टक्क्यांपेक्षा जास्त म्हणून वैद्यकीय प्रवेश नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, २०११ साली न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१६ मध्ये केईएम रुग्णालयाच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून ती एम.बी.बी.एस. झाली. कृत्रिम पायांवर उभी राहून!

दुसरी सुधा चंद्रन. मुंबईची, लहानपणापासून भरतनाट्यम् शिकलेली, पुढे पार्ल्याच्या मिठीबाई कॉलेजची विद्यार्थिनी. २ मे १९८१ रोजी तामिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ बसला अपघात झाला. पायाची जखम चिघळून गँग्रीन झाले आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. नर्तकीचा पाय! त्याच साली जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. त्याविषयी वाचून ती जयपूरला गेली. नवा पाय घालून नाचताना टोकातून रक्त येई, पुन्हा पायात दुरुस्ती होई, पुन्हा सराव. २८ जानेवारी १९८४ रोजी तिने मुंबईत पुन्हा रंगमंचावर नृत्य केले. पुढे तिच्याच जीवनावरील चित्रपटात तिनेच काम केले. १९८६ सालचा 'नाचे मयूरी' पुष्कळांना आठवत असेल.

तात्यांनी हे सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "नाचली खरी, पन चिखलात चालंल का त्यो पाय?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि जयपूर पायाचा जन्म याच प्रश्नातून झाला. परदेशी कृत्रिम पाय बुटासाठी बनवलेला, ताठ. त्यावर उकिडवे बसता येईना, अनवाणी चालता येईना, पाण्यात तो खराब होई. शेतकरी तो घरी नेऊन कोपऱ्यात ठेवत आणि कुबड्या घेत. १९६८च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी रबर व लाकूड वापरून असा पाय बनवला, की तो सर्व बाजूंना थोडा वाकतो, भिजला तरी चालतो, दिसायलाही पायासारखा दिसतो. १९७५ साली स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो गरजूंना विनामूल्य देते. आणि वरची नळी कशाची, तर एचडीपीई पाइपची. आपण तुषार सिंचनाला वापरतो त्याच जातीची! हे ऐकल्यावर तात्या प्रथमच कॉटवर उठून बसले.

आपल्याला जवळ म्हणाल तर पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली सैनिकांसाठी सुरू झाले, पुढे तेथे नागरिकांचीही सोय झाली. मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. जखम पूर्ण भरली, सूज उतरली, म्हणजे साधारण दोन-तीन महिन्यांनी माप घेतात. तात्यांचे माप घेऊन झाले आहे. यंदाच्या उसाची नोंद त्यांनी स्वतःच्या नावावर, कुबड्यांवर गट कार्यालयात येऊन केली आहे.

सभासदांनी काय करावे

१. मधुमेह असणाऱ्याने रोज रात्री उजेडात दोन्ही तळपाय, टाचा आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरच्यांना सांगावे.

२. उसात अनवाणी शिरू नये. बूट घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवावा. पाय धुण्याचे पाणी आधी कोपराने पाहावे.

३. जखम न दुखणे हे चांगले लक्षण मानू नये. पू, वास, काळेपणा, थंड पडलेली बोटे किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पाला, शेण, राख लावू नये.

४. कोयत्याची किंवा यंत्राची जखम स्वच्छ पाण्याने धुऊन, स्वच्छ फडक्याने दाबून धरावी आणि धनुर्वाताची लस घ्यावी. अपघातात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

५. मोठ्या शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच करावी. अपघाताने अवयव गेल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली एका अवयवासाठी १ लाख व दोन अवयवांसाठी २ लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. हे अनुदान अपघातापुरते आहे, आजाराने गेलेल्या अवयवाला नाही, हे ध्यानात ठेवावे.

६. तोडणी मजूर आणि गाडीवान हेही आपलेच लोक आहेत. फडात कुणाच्या पायाला लागले तर उचल, खेप यांचा हिशेब नंतर, आधी दवाखाना.

पुढील महिन्यात गटवार ऊस पीक मेळावे होतील. मेळाव्याला येताना मातीचा नमुना घेऊन या, असे मी नेहमी सांगतो. या वेळी ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मेळाव्याआधी पायही एकदा डॉक्टरांना दाखवून यावेत, अशी आग्रहाची विनंती आहे.